आय-१: हिमयुगातून आलेला, पण कांस्ययुगात फोफावलेला युरोपीय पितृवंश

पुण्याच्या एका काकांचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी डेन्मार्कमध्ये आर्हुसला असते, जावई डॅनिश. जावयांनी हौसेनं डीएनए चाचणी करून घेतली. अहवालात पितृवंश 'आय-एम२५३' (म्हणजेच आय-१) असा आला आणि खाली कंपनीनं ठळक अक्षरांत 'व्हायकिंग वंश' असं छापलं. नंतर काकांच्या वाचनात आलं, की हा युरोपातला सगळ्यांत जुना, तिथला 'मूळ' वंश आहे. यातलं खरं किती, आणि चार वर्षांच्या नातवात यातलं काय उतरलंय, असं ते विचारतात.

काका, आधी थेट उत्तर. वंश जुना आहे, यात शंका नाही. 'मूळ' मात्र नाही, कारण त्याच्या आधीही युरोपात माणसं होती आणि त्यांचे पितृवंश वेगळे होते. व्हायकिंगांमध्ये आय-१ भरपूर होता, पण व्हायकिंगांची जहाजं समुद्रात उतरली तेव्हा या वंशाच्या आजच्या सगळ्या शाखांचा मूळपुरुष मरून तीन हजारांहून जास्त वर्षं झाली होती. एवढं वाचून थांबलात तरी चालेल. पण खरी गंमत पुढे आहे: जवळजवळ संपलेला हा वंश पुन्हा इतका वाढला कसा?

थोडी पूर्वतयारी. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आपल्याकडे गोत्र जातं तसं. फरक इतकाच, की दत्तक गेलं की गोत्र बदलतं, वाय बदलत नाही. सहा कोटींहून अधिक अक्षरांचा हा मजकूर असतो. तो शेवटपर्यंत सलग वाचून झाला तो २०२३ मध्ये. पिढीगणिक त्याची नक्कल होताना क्वचित एखादं अक्षर चुकतं आणि ती चूक पुढच्या सगळ्या मुलांना, नातवांना मिळते. चाचणी किती खोलवर वाचते त्यानुसार अशी एक नवी खूण साधारण ८० ते १५० वर्षांत सापडते. त्या मोजून आपण दोन पुरुषांचा सामाईक पूर्वज किती मागे होता ते काढतो. हा वेग नीट ठरवायला सायबेरियातल्या उस्त-इशिमच्या माणसाचा फार उपयोग झाला. त्याचं मांडीचं हाड ४५,००० वर्षांपूर्वीचं. त्याच्या डीएनएमध्ये आजच्या माणसांपेक्षा किती खुणा कमी आहेत हे मोजलं, की घड्याळ लावता येतं.

'आय' वंशाची ओळख एम-१७० या खुणेवरून होते. त्याचा सख्खा भाऊवंश म्हणजे 'जे'. दोघांचा सामाईक पूर्वज चाळीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा, बहुधा पश्चिम आशियातला. 'जे' त्या बाजूला राहिला, वाढला, आणि त्याची जे-२ ही शाखा भारतातही बऱ्यापैकी आहे, महाराष्ट्रातही सापडते. त्यामुळे काका, तुमची स्वतःची चाचणी केली आणि जे-२ निघाला, तर जावई तुमचे पितृवंशानं चुलत ठरतील. फक्त चुलतपणा चाळीस हजार वर्षांचा! 'आय' मात्र भारतीय वंशांत मुळातच नाही. तो युरोपचाच.

पण युरोपचा पहिला नव्हे. रशियातल्या कोस्तेन्की इथला सुमारे ३७,००० वर्षांपूर्वीचा पुरुष 'सी' वंशाचा होता. मॉस्कोच्या पूर्वेला सुंगीर इथं हजारो हस्तिदंती मण्यांसह पुरलेले ३४,००० वर्षांपूर्वीचे शिकारी, तेही 'सी'. स्पेनमध्ये ला ब्रान्या गुहेत सापडलेला, सावळा पण निळ्या डोळ्यांचा माणूस तर फक्त ७,००० वर्षांपूर्वीचा, आणि तोही 'सी'च. आज युरोपात 'सी' औषधापुरताच सापडतो. तेव्हा 'मूळ' हा मान द्यायचाच असेल तर तो जवळजवळ संपलेल्या लोकांना द्यावा लागेल.

'आय'चे सगळ्यांत जुने पुरावे मिळतात ते ग्राव्हेतियन या हिमयुगीन संस्कृतीच्या काळातल्या मॅमथ-शिकाऱ्यांमध्ये. दक्षिण इटलीतली पाग्लीची गुहा हे एक ठिकाण. दुसरं ऑस्ट्रियातलं क्रेम्स-वाख्टबर्ग, आणि तिथली कबर मला या सगळ्या विषयातली सर्वांत बोलकी वाटते. डॅन्यूबच्या काठी २००५ मध्ये उत्खननात मॅमथच्या खांद्याचं एक मोठं हाड निघालं. ते उचललं तर खाली गेरूत माखलेली दोन तान्ही बाळं, शेजारी शेजारी, सोबत हस्तिदंताचे मणी. वय ३१,००० वर्षं. २०२० मध्ये डीएनए वाचला तेव्हा कळलं की ही एकसारखी जुळी मुलं होती; जगातल्या अशा जुळ्यांचा हा सर्वांत जुना पुरावा. एक जन्माच्या सुमारास गेलं, दुसरं साधारण सात आठवड्यांनी. त्याच्यासाठी कबर पुन्हा उघडली गेली होती. दोघांचा पितृवंश 'आय'. अर्थात ती तुमच्या जावयांचे पूर्वज नव्हेत, तान्ह्या बाळांना कुठली मुलंबाळं! पण त्यांच्या टोळीत हा वंश होता, एवढं निश्चित.

नंतर थंडी वाढली. साधारण २६,००० ते १९,००० वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हिया पूर्णपणे बर्फाखाली होता, ब्रिटनचा बराचसा भागही. माणसं दक्षिणेकडे, इबेरिया, फ्रान्सचा नैर्ऋत्य भाग, इटली, बाल्कन इकडे सरकली. त्याच सुमारास, २७,००० वर्षांपूर्वीच्या आसपास, 'आय'च्या दोन फांद्या झाल्या: आय-१ आणि आय-२. इथून दोघांची नशिबं इतकी वेगळी झाली, की त्यांना एकाच नावाखाली बोलणं मला कधी कधी अन्यायाचं वाटतं.

आय-२ ची भरभराट झाली. बर्फ हटल्यावर इटलीकडून निघालेल्या शिकाऱ्यांचा एक लोंढा १४,००० वर्षांपूर्वीपासून पश्चिम आणि मध्य युरोपभर पसरला आणि त्यांच्यात आय-२ ठळकपणे दिसतो. स्वित्झर्लंडमधल्या बिशों गुहेत एक तरुण आणि एक अस्वल यांची हाडं एकत्र सापडली. अस्वलाच्या मणक्यात गारगोटीच्या बाणाग्राचा तुकडा रुतलेला. जखमी अस्वलाच्या मागे हा गुहेत शिरला असावा, असा अंदाज आहे. काळ १३,७०० वर्षांपूर्वीचा, वंश आय-२. लक्झेंबर्गमधला लोशबूरचा शिकारी, इंग्लंडचा 'चेडर मॅन', स्वीडनमधल्या मोटालाची माणसं, सगळीकडे आय-२. आठ हजार वर्षांपूर्वीच्या पश्चिम युरोपात तुम्ही कुठल्याही शेकोटीपाशी जाऊन बसला असता, तर शेजारचा गडी आय-२ चा असण्याची शक्यता चांगलीच मोठी होती.

मग अनातोलियातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, शेतकरी आले. साडेआठ हजार वर्षांपूर्वी आग्नेय युरोपात, आणि डेन्मार्कला पोचायला त्यांना ५,९०० वर्षांपूर्वीपर्यंत वेळ लागला. त्यांचा मुख्य पितृवंश जी-२-ए. आल्प्समधल्या बर्फात सापडलेला 'ओत्झी' याच वंशाचा. आता अपेक्षा अशी, की संख्येनं कितीतरी जास्त असलेल्या शेतकऱ्यांपुढे शिकाऱ्यांचा वंश नामशेष होईल. सुरुवातीला झालंही तसंच. पण हजार-दीड हजार वर्षांनंतरच्या कबरी उघडल्या तर चित्र उलटं: एकूण डीएनए बहुतांशी अनातोलियन शेतकऱ्यांचा, आणि वाय मात्र आय-२! म्हणजे शिकाऱ्यांकडचे काही पुरुष शेतकरी समाजात शिरले आणि नुसते शिरले नाहीत, तर वरच्या जागी जाऊन बसले. त्यांचा वंश बापाकडून मुलाकडे मिरवत गेला.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा ब्रिटन-आयर्लंडच्या मोठमोठ्या शिळांच्या थडग्यांत आहे. इंग्लंडमधल्या हेझल्टन नॉर्थ इथं, ५,७०० वर्षांपूर्वीच्या एका लांबट थडग्यातल्या ३५ माणसांचा डीएनए २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली २७ माणसं एकाच कुटुंबातली निघाली. एक मूळपुरुष, त्याच्यापासून मुलं झालेल्या चार स्त्रिया, आणि सगळ्या मिळून पाच पिढ्या. थडग्यात जागा मिळायची ती बापाच्या नात्यानं. लग्न होऊन गेलेल्या मुली तिथं नाहीत. पण त्या चार बायकांपैकी कोणाच्या पोटचा वंशज, यावरून थडग्याच्या कुठल्या बाजूला पुरायचं ते ठरत होतं. वंश आय-२. आयर्लंडच्या न्यूग्रेंजमध्ये, त्या प्रचंड वास्तूच्या आतल्या सर्वांत मानाच्या दालनात ठेवलेल्या माणसाचा वंशही आय-२. त्याचे आईवडील एकमेकांचे अगदी रक्ताचे, भाऊबहीण किंवा आई-मुलगा, बाप-मुलगी असे असावेत, असं त्याच्या डीएनएवरून दिसलं. असं नातं समाजानं चालवून घेतलंय ते बहुधा राजघराण्यांतच, म्हणून संशोधकांनी तिथं राजसत्तेचा तर्क केला. माझ्या मते तर्क वजनदार आहे, पण एका माणसावरून घराणेशाही उभी करताना हात आखडता घ्यावा.

पोलंडमधल्या कोशित्सेचं सामूहिक दफन मात्र वाचताना अंगावर काटा येतो. २८०० इसवीसनपूर्वच्या सुमाराचा खड्डा. १५ जण, बहुतेक बायका, मुलं, किशोर. सगळ्यांच्या कवट्या फुटलेल्या. सगळे पुरुष-मुलगे आय-२ च्या एकाच शाखेचे, तर मातृवंश (फक्त आईकडून मुलांना मिळणाऱ्या डीएनएवरून कळणारा वंश) सहा वेगवेगळे. ज्यांनी पुरलं त्यांना ही माणसं नेमकी माहीत होती, कारण आईच्या कुशीला तिचं मूल, भावाशेजारी भाऊ असं ठेवलंय. बाप बरेचसे खड्ड्यात नाहीत. हल्ला झाला तेव्हा ते बाहेर असावेत आणि परतल्यावर त्यांनीच हे केलं असावं. याच शतकांत पूर्वेच्या गवताळ प्रदेशातून गाडे-बैल घेऊन यमनाया परंपरेचे लोक युरोपात सरकत होते, आर-१-ए आणि आर-१-बी हे वंश घेऊन. ४,४०० वर्षांपूर्वीनंतर काही शतकांतच ब्रिटनच्या लोकसंख्येचा सुमारे ९० टक्के वारसा बदलला. थडगी बांधणाऱ्यांचा आय-२ मागे पडला, आणि आज ब्रिटनमध्ये सर्वाधिक पुरुष आहेत ते आर-१-बी चे.

या सगळ्या धामधुमीत आय-१ कुठे होता? जवळजवळ कुठेच नाही. आणि इथंच थांबून हिशेब करावासा वाटतो. आय-१ च्या आजच्या प्रत्येक पुरुषात, मग तो नॉर्वेचा असो की न्यूझीलंडचा, तीनशेच्या आसपास खुणा सामाईक आहेत. ८० वर्षांना एक खूण धरली तर तीनशे खुणांना २४,००० वर्षं होतात. आय-२ पासून फुटल्यावर इतका काळ ही फांदी एका सरळ रेषेत चालत आली. वाटेत फुटलेली प्रत्येक उपफांदी वाळून गेली. आजच्या सगळ्या आय-१ पुरुषांचा सामाईक पूर्वज सुमारे ४,६०० वर्षांपूर्वीचा. तेव्हा तो जगातला एकमेव आय-१ पुरुष होता असं नव्हे. त्याचे भाऊबंद असतील, पण त्यांचे वंश पुढे आले नाहीत.

जुन्या सांगाड्यांत आय-१ शोधताना एक खबरदारी घ्यावी लागते आणि ती बाहेर फारशी कोणी सांगत नाही. मी प्राचीन डीएनएवर काम करते. कानामागच्या हाडाचा आतला, दगडासारखा कठीण भाग कोरून आम्ही चिमूटभर पूड काढतो, त्यातून जे तुकडे मिळतात ते वाचतो. हजारो वर्षांत या तुकड्यांची टोकं सडतात आणि तिथला 'सी' हा घटक (डीएनएच्या ए, सी, जी, टी या चार अक्षरांपैकी एक; वर आलेला 'सी' वंश नव्हे) 'टी' म्हणून वाचला जातो. आता बघा: 'आय'ची खूण एम-१७० म्हणजे 'ए'चा 'सी' झालेला. सडण्यातून असा बदल होत नाही, त्यामुळे ती एका तुकड्यात दिसली तरी बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. आय-१ ची खूण एम-२५३ मात्र 'सी'चा 'टी' झालेली. नेमका तोच बदल, जो सडून आपोआप होतो! त्यामुळे कुठल्या दहा हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्याला 'आय-१' चिकटवलेलं दिसलं, की मी आधी विचारते, किती तुकड्यांवरून? टोकाच्या अक्षरावरून की मधल्या? बाकीच्या तीनशेपैकी किती खुणा तपासल्या? स्वीडनच्या गोटलंडजवळ स्टोरा कार्ल्सो बेटावरच्या ९,००० वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्यात या खुणांपैकी मोजक्याच मिळाल्या. म्हणजे तो या सरळ रेषेतून मध्येच फुटलेल्या आणि पुढे वाळून गेलेल्या फांदीवरचा. उत्तरेत ही रेषा होती याचा तो धागा आहे, आजच्या आय-१ चा पूर्वज तो नव्हे.

आय-१ चा स्फोट कुठे झाला हे आता डेन्मार्कमुळे बरंच स्पष्ट झालंय. २०२४ मध्ये तिथल्या शंभर प्राचीन व्यक्तींचे जनुकसंच एकत्र प्रसिद्ध झाले. क्रम असा दिसतो: आधी शिकारी. ५,९०० वर्षांपूर्वी शेतकरी येतात आणि शिकाऱ्यांची जागा घेतात. ४,८५० वर्षांपूर्वी गवताळ प्रदेशाचा वारसा घेऊन आलेले लोक येतात, सुरुवातीला आर-१-ए वंशाचे, मग आर-१-बी. आणि साधारण ४,००० वर्षांपूर्वीपासून एक वेगळाच गट ठळक होतो, ज्यातले बहुतेक पुरुष आय-१. एकूण वारसा पाहिला तर त्यांच्यातही गवताळ प्रदेशाचं रक्त भरपूर आहे, वाय मात्र जुन्या शिकाऱ्यांकडून आलेला. शेतकऱ्यांच्या काळात आय-२ नं जे केलं, तेच इथं आय-१ नं केलं: आलेल्यांच्या समाजात शिरून त्यांच्याच व्यवस्थेचा फायदा घेतला. पाठोपाठ उत्तरेचं कांस्ययुग सुरू झालं. कथील आणि तांबं दूरवरून आणायचं, बदल्यात अंबर द्यायचं, होड्या बांधायच्या, मोठ्यांसाठी मातीचे उंच ढिगारे रचायचे. जमीन, होडी, मान हे सगळं बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या समाजात चार-दोन घराण्यांचा वंश हजार वर्षांत किती फुगतो, हे सांगायला जनुकशास्त्रज्ञ लागत नाही.

पुढचा प्रसार इतिहासाच्या पुस्तकांतून माहीत असलेल्या वाटांनी झाला. पोलंडमध्ये विएल्बार्क संस्कृतीच्या दफनभूमींत, ज्यांचं नातं गॉथ या जर्मॅनिक लोकांशी जोडलं जातं, आय-१ आहे. पाचव्या शतकापासून उत्तर जर्मनी आणि डेन्मार्ककडून अँग्लो-सॅक्सन इंग्लंडला गेले. पूर्व इंग्लंडमधल्या त्या काळच्या कबरींत तीन चतुर्थांश वारसा समुद्रापलीकडच्या युरोप खंडाच्या उत्तरेचा असल्याचं २०२२ मध्ये दिसून आलं. व्हायकिंग आले ते त्यानंतर, आठव्या शतकाच्या अखेरीस. आज स्वीडनमध्ये दर दहा पुरुषांपैकी साडेतीन-चार आय-१, डेन्मार्क आणि नॉर्वेत साधारण तिघांत एक, पश्चिम फिनलंडच्या काही भागांत त्याहूनही जास्त.

म्हणून 'व्हायकिंग वंश' या लेबलवर माझा आक्षेप आहे. एम-२५३ एवढंच कळलं, तर तो माणूस व्हायकिंगाचा वंशज असू शकतो, सॅक्सन शेतकऱ्याचा, गॉथ सैनिकाचा किंवा कधीही कुठेही न गेलेल्या डॅनिश कोळ्याचाही. व्हायकिंग काळातल्या ४४२ सांगाड्यांचा अभ्यास २०२० मध्ये आला, त्यात तर स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर व्हायकिंग तलवारीसह पुरलेली स्थानिक माणसंही निघाली. म्हणजे व्हायकिंग असणं हा त्या काळी धंदाही होता. कंपन्यांना हे ठाऊक नसतं असं नाही. 'व्हायकिंग' छापलं की अहवाल भिंतीवर लागतो आणि मेहुणे-साडूही नमुना पाठवतात.

आजच्या नकाशावरून उगम ठरवणं किती फसवं, हे आय-२ च्या बाल्कन शाखेवरून दिसतं. हर्झेगोव्हिनातल्या क्रोएट पुरुषांत ती ७० टक्क्यांच्या आसपास आहे. वीसेक वर्षांपूर्वी सगळे म्हणायचे, बघा, हिमयुगात बाल्कनमध्ये आसरा घेतलेल्यांचे हे थेट वारस, तिथून हललेच नाहीत. खुणा मोजता यायला लागल्या तेव्हा या शाखेचा फुलोरा जेमतेम दोन हजार वर्षांचा निघाला. २०२३ मध्ये बाल्कनमधल्या रोमन आणि नंतरच्या कबरींचा डीएनए आल्यावर उरलासुरला संशयही गेला: स्लाव्ह लोकांच्या स्थलांतरानंतरच ती तिथं दिसते. त्याउलट सार्डिनियात दर दहा पुरुषांत जवळपास चौघांकडे असलेली आय-२ ची दुसरी शाखा खरोखरच तिथं हजारो वर्षं मुरलेली आहे. नकाशावर दोन्ही ठिपके सारखेच गडद दिसतात.

आता जावयांनी पुढे काय करावं. त्यांना खरंच रस असेल तर वाय गुणसूत्राची खोल चाचणी करावी, जी एम-२५३ च्या पुढच्या उपशाखा सांगते. एल-२२ निघाली तर कल स्कँडिनेव्हियाकडे, झेड-५८ निघाली तर उत्तर जर्मनी, नेदरलँड्स, इंग्लंड या पट्ट्याकडे. झेड-६३ असेल तर आणखी दक्षिणेला, युरोपच्या मुख्य भूमीकडे. तेवढ्यावरही गाव सापडणार नाही. डेन्मार्कच्या चर्चच्या नोंदवह्या मात्र सतराव्या शतकापर्यंत मागे जातात आणि त्या घरबसल्या पाहता येतात. पैसे खर्चण्याआधी ते करावं, असं मी सांगेन.

आणि नातू. त्याचा वाय जावयांचा, म्हणजे आय-१, जसाच्या तसा. तुमचा वाय त्याच्याकडे नाही, कारण तो मुलीकडून जात नाही. तुमच्या पत्नीचा मातृवंश मात्र मुलीमार्फत त्याच्याकडे आलाय. भारतात बहुसंख्यांचा मातृवंश 'एम' असतो, तेव्हा तोच असण्याची शक्यता जास्त. पण हे दोन्ही मिळून त्याच्या एकूण डीएनएचा अगदी छोटा हिस्सा. उरलेल्या गुणसूत्रांपैकी जवळपास चौथा हिस्सा तुमचा आणि चौथा तुमच्या पत्नीचा. दहा पिढ्या मागे गेलं तर त्याला १,०२४ पूर्वज, त्यातला फक्त एक या आय-१ च्या रेषेवरचा. उद्या नात झाली तर तिच्यात वाय नसेलच, त्यामुळे वडिलांचा वंश तिच्या नमुन्यातून कधीच कळणार नाही. अहवाल जपून ठेवा म्हणावं, तिला तोच उपयोगी पडेल.